पिल्लांवरची मरळ

सेहेचाळीस साल सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. शेषराव मास्तर हातात वर्तमानपत्र घेऊन आमच्या मळ्यात आले. भाऊ वांग्याच्या वाफ्याला पाणी देत होता. म्हणजे पाणी मी देत होतो आणि भाऊ बांधावर बसून तंबाखू मळत होता. मास्तर दुरूनच ओरडले, "भगवंतराव, देवमाशांचा नवा करार झाला! अमेरिकेत. पंधरा देशांनी सह्या केल्या."

भाऊने तंबाखूची चिमूट ओठात धरली आणि विचारलं, "जपानले बोलवलं का?"

मास्तरांनी बातमीवरून पुन्हा बोट फिरवलं. "जपानचं नाव दिसत नाही बुवा. लढाई हरलेला देश, त्याला कोण बोलावतो?"

"मंग कच्चा राह्यला," भाऊ म्हणाला आणि मिरच्या तोडायला निघून गेला.

आता तुम्ही म्हणाल, हा पूर्णाकाठचा माळी, दर्यापूरच्या बाजारात वांगी-मिरच्या विकणारा, समुद्र याने बापजन्मात पाहिला नाही, आणि याला जपानची काय पडली? मीसुद्धा हेच म्हणत होतो. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! पण देवमाशांच्या असल्याच एका आधीच्या करारापायी माझ्या भावाने एकदा पोटच्या पोरीचा जीव टांगणीला लावला होता. माझी वहिनी, माणिकबाई, हे शेवटपर्यंत विसरली नाही. मीही विसरलो नाही. म्हणून सांगतो.

भगवंत माझा थोरला भाऊ. दिसायला काडी, बोलायला गोड, आणि कामाला? राम राम. मोट मी हाकायची, निंदण मी करायचं, बाजाराची गाडी मी भरायची. हा मात्र मृगाचं पाणी पडलं की वेळूची काठी घेऊन डोहावर. आमच्या इथं नदी म्हणजेच हद्द. अल्याड अमरावती जिल्हा, पल्याड अकोला, आणि मधोमध तो डोह. उन्हाळ्यात सगळं पात्र वाळूचं होतं, पण डोह आटत नाही. नदीतले सारे मासे तेवढे चार महिने त्यात दाटीवाटीने राहतात आणि पाणी आलं की वर-खाली पांगतात.

त्या डोहातली मरळ भाऊचा जीव की प्राण. मरळ तुम्हाला माहीत असेल, काळीशार, गोल डोक्याची, हातभर लांब. ती इतर माशांसारखी अंडी टाकून मोकळी होत नाही. पिल्लं निघाली की ती पाण्याच्या वरच्या अंगाला एका जागी गोळा होऊन फिरतात. लालभडक दिसतात, वाटतं कुणी मूठभर कुंकू पाण्यात सांडलं. आणि त्यांच्या बरोबर खाली आई असते, कधी बापही. पिल्लांच्या जवळ काही आलं की ती झेप घेते. भाऊची कारागिरी तिथंच. जिवंत बेंडकुळी, म्हणजे बारकं बेडूक, गळाला लावायची, अलगद त्या लाल गोळ्याच्या मधोमध सोडायची. आई भुकेने नाही, रागाने तोंड मारते. मारलं की संपलं. दहा गावांत ही विद्या एकट्या भाऊला होती. दर्यापूरचे वकीलसुद्धा विचारायचे, "भगवंता, पिल्लावरची मरळ कधी?" तेव्हा याची छाती अशी फुगायची की मळ्यातला नांगर याला कधी दिसायचाच नाही.

पल्याडच्या काठावर जानराव. कुणबी, काळ्या रानाचा मालक, कपाशी अन् ज्वारी भरपूर, बोलणं मोजकं आणि तेवढंच कडू. त्याचं नि भाऊचं साता जन्माचं वैर. कारण जानरावची मासे मारायची तऱ्हा वेगळी. चैत्र-वैशाखात डोह लहान झाला की तो गड्यांकडून हिंगणबेटाची फळं ठेचून पाण्यात टाकायचा. पाणी फेसाळलं की लहान-मोठा सगळा मासा उलटा होऊन वर यायचा. हवा तो टोपल्यात, नको तो काठावर कुजत. मग चार-आठ दिवस गुरंसुद्धा त्या पाण्याला तोंड लावत नसत.

भाऊ या काठावरून ओरडायचा, "अबे, पान्यात ईख कालवतं का बे? नरकात जाशीन!"

जानराव त्या काठावरून म्हणायचा, "तू जा पैले. लेकुरवाळीले मारनारा!"

दोघंही खरंच बोलत होते, आणि दोघांच्या खऱ्यापायी डोह रिकामा होत चालला होता. आमच्या लहानपणी घोंगडं टाकलं तरी मासा यायचा. पुढं पुढं भाऊ दिवसभर बसून रिकाम्या हाताने यायला लागला. नाव नदीला ठेवायचा. नाचता येईना, अंगण वाकडं.

अशात सदतीस सालची आखाडी आली. शेषराव मास्तरांचा मेव्हणा बडनेऱ्याला रेल्वेत होता. तो आला की जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणायचा आणि मास्तर संध्याकाळी मारुतीच्या पारावर मोठ्याने वाचायचे. त्या दिवशी त्यांनी देवमाशांची बातमी काढली. पृथ्वीच्या पार दक्षिणेच्या टोकाला, जिथं समुद्रावर बर्फ तरंगतो, तिथं जहाजांचे ताफेच्या ताफे जाऊन देवमासे मारतात. तेल काढतात. मारता मारता मासाच संपायला आला, तेव्हा लंडनला काही देश एकत्र बसले आणि त्यांनी करार केला.

"तिकडल्या समुद्रात वर्षातून तीनच महिने शिकार," मास्तर वाचत होते. "निळा देवमासा सत्तर फुटांहून लहान असला तर मारायचा नाही. आणि पिल्लू संगं असलेल्या मादीला तर कुणीच हात लावायचा नाही."

सत्तर फूट म्हणताच लोक हसले. मास्तर थापा मारतात असं वाटलं. पण शेवटचं वाक्य झालं आणि सगळा पार भाऊकडे पाहायला लागला.  भाऊ कान कोरत बसला. मग म्हणाला, "त्या तेलाचं करतेत तरी काय?"

"साबण करतात," मास्तर म्हणाले.

ही गोष्ट मी घरी सांगितली, ती चूक झाली. वहिनीने घरात होती नव्हती ती साबणाची वडी उकिरड्यावर फेकली. "माशाच्या चरबीनं देवाचे कपडे धुतले व माय मी!" म्हणून दिवसभर कपाळ बडवत होती. मास्तर बिचारे समजावायला आले, की अहो, आपला साबण त्या तेलाचा असेलच असं नाही. ऐकते कोण? आमच्या घरी दिवाळीपर्यंत रिठ्याने कपडे धुतले.

 भाऊ त्या दिवसानंतरही डोहावर जायचा, पण पुष्कळदा काठी नुसती मांडीवर ठेवून बसायचा. चारेक दिवसांनी तो मास्तरांकडे गेला आणि म्हणाला, "मास्तर, जे सही कराले आले नाईत, त्याइचं काय?"

"जपान आला नाही. त्याची जहाजं मारतातच."

"मंग ज्याइनं सह्या केल्या ते येडे ठरले ना? त्याइनं सोळलेला मासा यानं मारला!"

मास्तर म्हणाले, "खरं आहे. पण कागद तर झाला."

"बोलाचाच भात," भाऊ म्हणाला. "पैले जपानले बोलवाव लागत होतं. ज्याचा भरोसा नाई त्याले पैले."

आणि पुढच्या चैत्रात, पात्रात नुसती वाळू उरली असताना, हा माझा भाऊ मला घेऊन पल्याड जानरावच्या घरी निघाला. मी वाटेत म्हटलं, "येड लागलं का तुले? तो कुत्रं सोळन अंगावर."

"सोळू दे," भाऊ म्हणाला. "आपला जपान तोच हाये."

जानराव विहिरीच्या थारोळ्यावर, मोटेचं पाणी पडतं तिथं, बसला होता. हातात अर्धी भाकर. आम्हाला पाहून उठला नाही, या म्हणाला नाही. भाकरीचा तुकडा मोडून त्याने विहिरीत टाकला आणि खाली वाकून म्हणाला, "ये व." आम्हीही वाकून पाहिलं. तळातून एक मरळ सावकाश वर आली. चांगली मोठी, एका डोळ्यावर पडद्यासारखा पांढरा सारा. तुकडा तोंडात घेतला आणि तशीच थांबली, दुसऱ्याची वाट पाहत.

तिची हकिकत साऱ्या पंचक्रोशीला माहीत होती. एका वर्षी जानरावने हिंगण टाकून टोपलंभर मासे घरी नेले, त्यात एक बोटभर मरळ धुगधुगत होती. त्याची बायको रुख्मिणी, तिला मूलबाळ नव्हतं. तिने ती ओंजळीत घेतली आणि विहिरीत सोडली. रोज सकाळी भाकर टाकायची, "ये व" म्हणायची. मरळ यायची. विखाने एक डोळा गेला, पण जगली. आदल्या साली रुख्मिणीवहिनी तापाने गेली, आणि तेव्हापासून भाकर जानराव टाकत होता. वैराचा माणूस, पण तो तुकडा टाकताना पाहिला आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

भाऊने पंधरा मिनिटं देवमाशांची कथा सांगितली. जानरावने सगळी ऐकून घेतली. मग म्हणाला, "म्हंजे मी हिंगन टाकनं बंद कराव?"

"हो."

"अन् तू काय सोळतं?"

 हे भाऊ घरून ठरवूनच आला होता, पण तोंडातून निघेना. मी त्याच्याकडे पाहत होतो. अखेर म्हणाला, "पिल्लावरची मरळ."

जानरावने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुह्याच्यानं होईन?"

"बेलभंडार उचलतो."

मास्तरांना कागद करायचा होता. दोघांनीही नको म्हटलं. जानराव म्हणाला, "कागदाले काय, सरकार बी कागद करते." पात्रातल्या खडकावर महादेवाची पिंड आहे, ती ना अल्याडची ना पल्याडची. तिथं दोन्ही गावचे लोक जमले. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन आधी जानराव बोलला, मग भाऊ, मग बाकीचे. डोहात हिंगण टाकायचं नाही, कधीच नाही. मृगापासून पोळ्यापर्यंत डोहात गळ नाही, जाळं नाही. वितेहून लहान मासा हाती लागला तर पाण्यात सोडायचा. आणि पिल्लावरची मरळ कोणत्याही कारणाने मारायची नाही. 'कोणत्याही कारणाने' हे शब्द जानरावने घालायला लावले. भाऊला चांगला ओळखून होता तो.

घरी येताना भाऊ म्हणाला, "गोवर्धन, आता पावसायात मी करू काय गा?"

"निंदण कर," मी म्हटलं. मला तर बरंच झालं होतं.

त्याच आषाढात आमची सुभद्रा बाळंत झाली. भाऊची एकुलती एक पोरगी, पहिल्या खेपेला माहेरी आलेली. मुलगा झाला, पण रक्त फार गेलं. पोरगी कागदासारखी पांढरी पडली. अन्न पोटात ठरेना, दूध उतरेना. तान्हं पोरगं रडून रडून निळं व्हायचं, मग आम्ही बकरीच्या दुधाचा बोळा त्याच्या तोंडात धरायचो. गोदाबाई सुईण दोन दिवस बसून होती. तिसऱ्या दिवशी वहिनीला बाहेर बोलावून म्हणाली, "माय, पोरीच्या अंगात काईच नाई राह्यलं. मरळ शिजवून तिचं पानी पाजा. ते ठरते पोटात, अन् रगत भरते. नाई तं माह्या हातात काई नाई."

वहिनी तशीच भाऊच्या समोर जाऊन उभी राहिली.   घराघरांत ज्याची कीर्ती, त्याच्याच घरी मरळीसाठी पोरगी अडलेली.

भाऊ म्हणाला, "बाजाराले चार दिवस हायेत."

"चार दिवस!" वहिनी म्हणाली.

"दर्यापुराले मानूस धाडतो. कोनाच्या घरी असन."

मी स्वतः गेलो. चिखलातून गाडी हाकत गेलो आणि हात हलवत आलो. पावसाळ्यात लोक आमच्याकडेच मरळ मागायचे, त्यांच्याकडे कुठून असणार? मी आलो तेव्हा सुभद्रा डोळे मिटून पडली होती. हाक मारली तर ओठ हलायचे, आवाज नाही. वहिनीचा बांध फुटला. जी बाई नवऱ्यासमोर कधी मान वर करून बोलली नव्हती, ती ओसरीत उभी राहून ओरडली, "तुमची पोरगी हाये ते, का कोनाचा देवमासा? सात समुद्रापल्याडच्या माशासाठी माही लेक मारता का?"

मीही म्हटलं, "आग लागो तुह्या कराराले! उठ. काठी घे. महादेवाचं पाप माह्या डोक्यावर."

भाऊ उठला. काठी घेतली. दोघं डोहावर गेलो.

पाऊस त्या साली बेताचा होता, नदी छातीभर चालली होती. दुपारची वेळ. काठाच्या लव्हाळ्याजवळ पिल्लांचा लाल गोळा फिरत होता, मला अडाण्यालाही दिसला. मी बेंडकुळी धरून दिली. भाऊने ती गळाला लावली.  त्या कामात त्याचे हात कधीच चुकले नाहीत. मग मी वर पाहिलं, तर पल्याडच्या काठावर जानराव उभा. कपाशीत डवरणी चालली होती त्याची. तो आम्हाला पाहत होता.  

भाऊने दोरी पाण्यावर नेली. गोळ्याच्या खाली काळी पाठ हलली, एक बुडबुडा वर आला. आता सोडायची तेवढी बाकी होती. आणि भाऊने दोरी मागे ओढली. गळातली बेंडकुळी सोडवली, गवतात टाकली आणि खाली बसला.

"काय झालं बे?" मी ओरडलो.

"मले नाई होत गोवर्धन," भाऊ म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "घरी बी लेकुरवाळी, इथं बी लेकुरवाळी. एकीसाठी दुसरीले कसं मारू? मले पैले कधी असं दिसलं नाई. आता दिसते तं हात उचलत नाई. अन् बेलभंडार उचललेला तो वेगळाच."

माझं डोकंच फिरलं. भावाला मारता येत नव्हतं म्हणून मी त्या काठावरच्या माणसावर तुटून पडलो. "पाह्यलं का जानराव?" मी नदीपार ओरडलो. "झालं समाधान? याची पोरगी मरून राह्यली! बायंतीन हाये, पोटात अन्न नाई, सुईण म्हनते मरळीचं पानी द्या. अन् हा बाप डोहावर बसून रडून राह्यला! 'कोनत्याही कारनानं'! हे कारन बी आलं का त्याच्यात? सांग ना!"

 जानराव पाठ फिरवून कपाशीतून चालता झाला. मी त्याला ज्या शिव्या दिल्या त्या इथं सांगत नाही.

घरी आलो तर वहिनीने भाऊच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं आणि आत गेली. भाऊ पोरीच्या खाटेपाशी जाऊन बसला, तिचा पाय हातात धरून. मी अंगणात.  तान्हं रडत होतं.

दिवस कलायला आला तेव्हा कुंपणाशी कुणीतरी खाकरलं. जानराव. काखेपर्यंत ओला, धोतर चिखलाने माखलेलं, डोक्यावर पितळेची घागर. घागर डोक्यावर घेऊन तो छातीभर पाण्यातून आला होता. आमच्या अंगणात त्याने बापजन्मी पाय ठेवला नव्हता. घागर खाली ठेवली. आत पाणी डुचमळलं. भाऊ बाहेर आला, वाकून पाहिलं, आणि दोन पावलं मागे सरला.

पांढरा सारा असलेला डोळा मीही पाहिला.

"जानराव," भाऊ म्हणाला, "हे तं रुख्मिणीवहिनीची."

"हो."

"नाई गा. हे नेऊन सोळ."

"करार डोहाचा हाये," जानराव म्हणाला. "इहीर माही हाये. महादेवाले इचारायचं काम नाई." मग म्हणाला, "ते असती तं तिनंच आनून देली असती. बायंतपनातली बाई असं पडून हाये म्हनल्यावर ते थांबली नसती. काप आता, येळ करू नको."

"कशी सापडली?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे.

"सापडाले काय?" जानराव म्हणाला. "ये व म्हनलं, आली."

एवढं बोलला आणि निघाला. पाणी घे म्हटलं तर थांबला नाही. आयुष्यभर शेकडो मरळी कापलेला माझा भाऊ त्या दिवशी विळ्यासमोर कितीतरी वेळ बसून राहिला. शेवटी वहिनीने विळा ओढून घेतला. तिने घागरीला आधी हात जोडले, मग कापली.

पहिलं चमचाभर पाणी सुभद्रेच्या पोटात ठरलं. दुसरंही ठरलं. दोन दिवस वहिनी थोडं थोडं पाजत होती. तिसऱ्या दिवशी पोरगी उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "माय, पोट्ट्याले आन माह्याजवळ." मरळीने केलं का गोदाबाईने का देवाने, मला ठाऊक नाही. त्या दिवशी मी मात्र मळ्यात जाऊन मोठ्याने रडलो, बैलांशिवाय कुणी नव्हतं म्हणून.

पोळा झाला. डोह मोकळा झाला. पहिल्या दिवशी भाऊ काठी घेऊन गेला आणि संध्याकाळी एक बोटभर मरळ घेऊन आला, लोट्यात, जिवंत. मी म्हटलं, "हे काय? वितेहून लहान हाये. पान्यात सोळाव लागते."

"पान्यातच सोळतो," भाऊ म्हणाला. "कोनत्या पान्यात ते कोठी ठरलं होतं?"

तो लोटा घेऊन आम्ही पल्याड गेलो. जानराव थारोळ्यावर बसला होता, हात रिकामे. भाऊने लोटा त्याच्यापुढे धरला. जानरावने आत पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि स्वतःच्या हाताने तो विहिरीत उपडा केला. मग आत जाऊन भाकर आणली, तुकडा टाकला. "ये व," म्हणाला. तुकडा पाण्यावर तरंगत राहिला आणि फुगून बुडाला.

"लहान हाये," भाऊ म्हणाला. "भेत असन."

"असन," जानराव म्हणाला.

दर बाजारच्या दिवशी भाऊ आधी नदी ओलांडायचा, मग गाडीत बसायचा. विचारायचं एवढंच, "आली का?" तो म्हणायचा, "नाई." मग दोघं थारोळ्यावर बसून विहिरीत पाहत राहायचे, आणि मी इकडे गाडी जुंपून बोंबलत असायचो. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी एकदा भाऊला म्हटलं, मेली असेल. तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. जानरावने मात्र एक सकाळ चुकवली नाही. तुकडा टाकायचा, ये व म्हणायचा, तुकडा बुडायचा, आणि हा कामाला लागायचा.

माघातली सकाळ होती. त्या दिवशी मला ताप होता, म्हणून मोट भाऊ हाकत होता. मी घोंगडं पांघरून बांधावर पडलो होतो. पल्याडून आरोळी आली. ज्या काठावरून आम्ही जन्मभर शिव्याच ऐकल्या, त्या काठावरून.

"भगवंता! अबे भगवंता! आली! भाकर खाल्ली तिनं!"

भाऊने मोट तशीच सोडली. धावत निघाला. उतारावर पडला, उठला, गुडघाभर पाण्यात शिरला. पात्राच्या मधोमध, महादेवाच्या खडकापाशी दोघं भेटले. जानरावच्या हातात उरलेली अर्धी भाकर तशीच होती. तो म्हातारा माणूस माझ्या भावाच्या खांद्यावर डोकं टेकवून लहान पोरासारखा हुंदके देत होता, आणि भाऊ त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "आली ना गा? मी म्हनलं होतं ना, आली ना?"

बैल दोरीला ताण देऊन उभे होते. मी तापातच उठलो, घोंगडं कमरेला गुंडाळलं आणि मोट हाकायला लागलो. वांग्यांना पाणी कोणीतरी द्यायला हवंच होतं.